चौथ देणारे जेते

१५ नोव्हेंबर १५३३ रोजी फ्रान्सिस्को पिझारो आपल्या माणसांसह कुस्को शहरात शिरला आणि इंका साम्राज्याची राजधानी स्पेनच्या हाती गेली. त्यानंतर तेराच महिन्यांनी, २३ डिसेंबर १५३४ रोजी, गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने वसई आणि तिच्या भोवतालचा मुलूख पोर्तुगिजांना तोडून दिला. स्पेन आणि पोर्तुगाल एकाच द्वीपकल्पातले सख्खे शेजारी. धर्म एक, तलवारी एकाच घडणीच्या, जहाजे जवळपास सारखी, सोन्याची हाव सारखी आणि आपल्या धर्माखेरीज कुणाला मोक्ष नाही ही समजूतही सारखी. १४९४ मध्ये तोर्देसियासचा तह करून दोघांनी उरलेले जग आपसांत वाटूनही घेतले होते.

तरी निकाल केवढे वेगळे लागले! मेक्सिको आणि पेरू इथली दोन बलाढ्य राज्ये बघता बघता कोसळली आणि पुढे तीनशे वर्षे तिथे स्पेनचा अंमल चालला. उत्तर कोकणात पोर्तुगीज दोनशे वर्षे राहिले. त्यांनी किल्ले बांधले, चर्च उभारली, गावे आपल्या सरदारांना वाटून दिली. पण किनाऱ्यापासून दोन दिवसांच्या चालीपलीकडे त्यांचे राज्य कधी सरकले नाही. डहाणू तालुक्यातल्या घोलवडला उभे राहिले की हे नकाशाशिवाय कळते. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला बारडाचा डोंगर, त्यामागे तलासरीचा चढउताराचा मुलूख. १५५९ मध्ये दमण पडले तेव्हापासून १७३९ पर्यंत डहाणूची ही किनारपट्टी पोर्तुगिजांच्या अमलाखाली होती. डोंगरामागचे राजे वेगळे होते, आणि पोर्तुगीज त्यांना दरसाल पैसे मोजत होते. ते का, हे पुढे येईलच.

अमेरिकेतले लोक का हरले, हे समजून घ्यायला उत्तर कोकणाइतकी सोयीची जागा नाही असे माझे मत आहे. आक्रमक एकाच जातकुळीचे आणि काळही एकच. तेव्हा निकालातल्या फरकाचे कारण ज्या भूमीवर ते उतरले त्या भूमीत शोधावे लागते. तसे शोधले की ‘युरोपियन माणूस मुळातच वरचढ होता’ हे शाळेपासून कानावर पडणारे उत्तर टिकत नाही.

आधी मेक्सिकोकडे वळू. एर्नान कोर्तेस १५१९ मध्ये तिथल्या किनाऱ्यावर उतरला तेव्हा त्याच्याबरोबर पाचेकशे शिपाई, सोळा घोडे आणि थोड्या तोफा होत्या. दोन वर्षांनी, १३ ऑगस्ट १५२१ रोजी, आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान त्याच्या ताब्यात आली. सरोवराच्या मधोमध वसलेल्या त्या शहरात दीड-दोन लाख माणसे राहत असावीत असा अंदाज आहे. त्या काळी युरोपात एवढी मोठी शहरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पाचशे माणसांनी साम्राज्य जिंकले अशी ही गोष्ट सांगितली जाते. ती अर्धवट आहे, आणि गाळलेला भाग सांगितलेल्या भागापेक्षा मोठा आहे.

आस्तेकांच्या राज्याला लागून त्लाश्काला नावाचे स्वतंत्र राज्य होते. आस्तेकांनी त्याला चारही बाजूंनी घेरले होते आणि त्याचे मीठ आणि कापूस तोडला होता. पिढ्यान्‌पिढ्या लढाया चालल्या होत्या, पकडलेले तरुण राजधानीत नेऊन बळी दिले जात होते. कोर्तेस आला तेव्हा त्लाश्कालाचे लोक आधी त्याच्याशी लढले. मग त्यांनी हिशेब मांडला: हे परके थोडे आहेत, पण आपल्या वैऱ्याविरुद्ध उपयोगी आहेत. तिथून पुढची लढाई खऱ्या अर्थाने त्लाश्कालाची होती. शेवटच्या वेढ्यात स्पॅनिश शिपाई हजाराच्या आत होते आणि त्यांच्या बाजूने लढणारे स्थानिक योद्धे कित्येक हजार. काही अंदाज लाखाच्या घरात जातात. सरोवरातून शहराची रसद तोडायला कोर्तेसने तेरा छोटी लढाऊ जहाजे बांधली. त्यांचे लाकूड त्लाश्कालात तोडले, तासले आणि जुळवून पाहिले. मग सगळे सुटे करून हजारो हमालांनी ते खांद्यावरून डोंगर ओलांडून सरोवरापर्यंत आणले. कल्पना आणि कारागीर स्पेनचे होते, पण त्लाश्कालाच्या खांद्यांवाचून त्यातली एक फळीसुद्धा पाण्यात गेली नसती.

त्याआधी, जून १५२० च्या शेवटच्या रात्री, आस्तेकांनी कोर्तेसला शहरातून मारून हाकलले होते. त्याची शेकडो माणसे कापली गेली, लुटलेले सोने सरोवरात बुडाले. त्या रात्रीनंतर कोर्तेस संपायला हवा होता. तो का वाचला याचे उत्तर त्याच्या पराक्रमात नाही. त्या उन्हाळ्यात क्यूबाहून आलेल्या एका जहाजाबरोबर देवीचा रोग मेक्सिकोत उतरला होता. शरद ऋतूत तो राजधानीत पोचला. नवा राजा क्वित्लाहुआक जेमतेम ऐंशी दिवस राज्य करून देवीने मेला. पुढे नाहुआत्ल भाषेतल्या वृद्धांच्या आठवणी लिहून घेतल्या गेल्या, त्यात त्या दिवसांचे वर्णन आहे: अंगभर फोड, कूस बदलता येत नाही, हात हलवता येत नाही. रोगाने मेले त्यांच्याखेरीज कित्येक लोक भुकेने मेले, कारण घरातली सगळीच माणसे एकदम आडवी झाली आणि कुणाच्या तोंडात घोटभर पाणी घालायला कुणी उभे राहिले नाही. मक्याचे पीठ दळायला हात उरले नाहीत. अशा शहराने पुढच्या वर्षी अडीच महिन्यांचा वेढा सोसला, गल्लीगल्लीतून लढत सोसला. या लोकांना भित्रे किंवा भोळे म्हणणे हा त्यांच्यावर घोर अन्याय आहे.

पेरूत रोग बहुधा पिझारोच्या आधीच पोचला होता. इंका सम्राट हुआयना कापाक १५२० च्या दशकात अचानक मेला, त्याने नेमलेला वारसही मेला, आणि हे उत्तरेकडून सरकत आलेल्या देवीमुळे झाले असे अनेक इतिहासकार मानतात. मागे उरलेल्या दोन मुलांत, हुआस्कार आणि अताहुआल्पा यांच्यात, यादवी पेटली. अताहुआल्पाने ती नुकती जिंकली होती तेव्हा पिझारो १६८ माणसे घेऊन काहामार्का गावात आला. त्यातले बासष्ट घोडेस्वार होते. १६ नोव्हेंबर १५३२ च्या संध्याकाळी अताहुआल्पा पालखीत बसून, बहुतेक निःशस्त्र असलेल्या काही हजार माणसांसह, गावच्या चौकात आला. भोवतीच्या लांबलचक इमारतींत स्पॅनिश लोक दबा धरून बसले होते. एका पाद्र्याने पुढे होऊन त्याच्या हातात धर्मग्रंथ दिला. त्याने तो चाळला आणि फेकला. इशारा झाला, तोफा उडाल्या आणि घोडे चौकात घुसले. घोडा नावाचे जनावर त्या लोकांना अगदी नवे होते. त्यांचे चिलखत कापसाचे होते आणि हत्यारे दगडाची आणि काशाची. पोलादी तलवारीपुढे त्यांचा टिकाव लागला नाही. चौकाची भिंत ढासळेपर्यंत लोक बाहेर पळायची धडपड करत होते. अताहुआल्पा जिवंत पकडला गेला. सुटकेसाठी त्याने एक खोली सोन्याने आणि दोनदा चांदीने भरून दिली, तरी पुढच्या वर्षी त्याला गळा आवळून मारले.

इथे पोलाद आणि घोडे यांचा वाटा मोठा होता, हे मान्य केलेच पाहिजे. पण हत्यारांनी एक संध्याकाळ जिंकली. साम्राज्य जिंकायला चाळीस वर्षे लागली. १५३६ मध्ये मान्को इंकाने कुस्कोला वेढा घातला तेव्हा स्पॅनिश लोक जवळजवळ संपले होते. इंकांच्या राज्यात दडपलेल्या जमाती स्पेनच्या बाजूने लढल्या म्हणून ते वाचले. विल्काबाम्बाच्या जंगलातले शेवटचे इंका राज्य १५७२ पर्यंत टिकले.

आता प्रश्न असा की रोगाने एकच दिशा का धरली? स्पेनहून देवी, गोवर अमेरिकेत गेले. अमेरिकेतून तेवढा जीवघेणा रोग युरोपात का आला नाही? गर्दीचे बहुतेक रोग माणसाला पाळीव जनावरांच्या सहवासातून लागले असे मानतात. आशिया, युरोप आणि आफ्रिका ही सलग भूमी. गाय, डुक्कर, मेंढी, घोडा, उंट या सगळ्यांबरोबर माणूस हजारो वर्षे एका छपराखाली झोपला, आणि व्यापारी रस्त्यांनी एका टोकाचा रोग दुसऱ्या टोकाला जात राहिला. अमेरिकेतली माणसे हिमयुगाच्या अखेरीस सैबेरियाकडून तिकडे गेली, मग समुद्राची पातळी चढली आणि वाट बुडाली. तिथे पाळण्याजोगी मोठी जनावरे फार थोडी उरली: अँडीजमध्ये लामा आणि अल्पाका, बाकी कुत्रा, टर्की, गिनीपिग. लामावर ओझे लादता येते, बसता येत नाही. त्यामुळे घोडदळही नाही आणि रोगांची जुनी ओळखही नाही. जॅरेड डायमंड यांनी १९९७ मध्ये आलेल्या पुस्तकात हा विचार जगभर पोचवला. त्यांच्यावर टीका होते ती मुख्यतः त्लाश्कालासारख्या माणसांचे निर्णय त्यांच्या मांडणीत बाजूला पडतात म्हणून, आणि ती टीका मला पटते. भूगोल शक्यता ठरवतो. कुणाच्या बाजूने उभे राहायचे ते माणसेच ठरवतात.

शंभर-दीडशे वर्षांत अमेरिकेतल्या मूळ लोकसंख्येपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास माणसे गेली असे अनेक अभ्यासक मानतात. आकड्यांवर वाद आहेत, विध्वंसावर नाही.

ज्यांच्याबद्दल हे चालले आहे ते लोक मागास होते अशी कुणाची समजूत असेल, तर त्याने घोलवड-बोर्डीच्या वाडीत जाऊन यावे. चिकूचे झाड मूळचे दक्षिण मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले. माया लोक त्याच्या लाकडाची ताकद ओळखून होते. ग्वाटेमालातल्या तिकालच्या देवळांच्या दारांवर त्यांनी बसवलेल्या चिकूच्या तुळया बाराशे वर्षांनंतरही शाबूत सापडल्या. झाडाचा चीक ते चघळत असत. पुढे त्याच चिकापासून अमेरिकन कारखान्यांनी च्युइंगगम काढले. घोलवडला चिकूची लागवड १८९८ च्या सुमारास सुरू झाली. इराणी आणि पारशी बागायतदारांनी ती वाढवली, आणि २०१६ मध्ये ‘डहाणू घोलवड चिकू’ला भौगोलिक मानांकन मिळाले. जाळी लावलेल्या लांब काठीने फळ अलगद तोडले की देठाशी तोच पांढरा चीक येतो. तो वाळू द्यावा लागतो, नाहीतर फळ डागाळते. वाडीतले चिकू, पपई, सीताफळ, स्वयंपाकघरातली मिरची, बटाटा, टोमॅटो, मका, रताळे, शेंगदाणा हे सारे अमेरिकेतल्या शेतकऱ्यांनी रानटी वनस्पतींमधून हजारो वर्षे निवडून निवडून घडवलेले आहे. आपल्या जेवणातून ते काढून टाकले तर काय उरते, हे कुठल्याही मराठी गृहिणीला विचारावे.

तेव्हा बुद्धी, कष्ट किंवा धैर्य यांत उणे काही नव्हते. मग उत्तर कोकणात काय वेगळे होते?

पहिली गोष्ट म्हणजे इथे रोग पाहुणा नव्हता. केळव्याच्या समुद्रकाठी शीतलादेवीचे देऊळ आहे. देवी येणे, देवी जाणे, घरात कडुलिंबाचा पाला टांगणे हे कोकणातल्या प्रत्येक पिढीच्या अनुभवातले होते. देवीने लहान मुले मरत, फार मरत. पण जी वाचत त्यांना पुन्हा देवी येत नसे. त्यामुळे मोठ्या माणसांपैकी बहुतेकांच्या अंगी प्रतिकारशक्ती असे. साथ आली तरी सगळे गाव एकदम आडवे होत नसे; कुणीतरी विहिरीवरून पाणी आणायला, पेज शिजवायला उभे असे. पोर्तुगिजांनी इथे असा कोणताच रोग आणला नाही ज्याने गावेच्या गावे एकदम आडवी पडावीत. उलट आपले हिवताप आणि जुलाब त्यांना मानवले नाहीत. सतराव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांत एकट्या गोव्याच्या शाही रुग्णालयात पंचवीस हजारांच्या आसपास पोर्तुगीज शिपाई मेले असे सांगितले जाते. पोर्तुगालची सगळी लोकसंख्या तेव्हा पंधरा लाखांच्या आतबाहेर, आणि संपूर्ण आशियात एका वेळी त्यांचे दहाएक हजारच कामाचे पुरुष असत. मेक्सिकोत रोग स्पेनच्या बाजूने लढला. इथे तो पोर्तुगिजांविरुद्ध लढत होता.

दुसरे म्हणजे घोडा आणि तोफ. अरबी घोडे आपल्या बंदरांत शतकानुशतके उतरत होते. गुजरातच्या सुलतानाच्या पदरी रूमी खान नावाचा तोफांचा जाणकार सरदार होता, आणि १५३८ मध्ये दीवला वेढा पडला तेव्हा तुर्कांचे आरमार आले होते. इथल्या शिपायाने घोडा पाहून हात टेकले नसते. तो स्वतःच घोड्यावर होता.

मग पोर्तुगीज शिरले तरी कसे? दर्यावर त्यांना तोड नव्हती. फेब्रुवारी १५०९ मध्ये दीवच्या लढाईत त्यांनी गुजरात आणि मिसरच्या एकत्र आरमाराचा पराभव केला होता. त्यांची जहाजे तोफांचे हादरे सोसण्याजोगी होती आणि आपली बहुतेक व्यापारासाठी बांधलेली. पोर्तुगीज परवान्यावाचून समुद्रात गेलेले जहाज ते सरळ पकडत. आणि बहादूरशहाची अडचण त्लाश्कालासारखीच होती: उत्तरेकडून हुमायूनचे संकट अंगावर येत होते. १५३३ मध्ये पोर्तुगिजांनी वसई जाळली होतीच. दोन आघाड्यांवर लढण्यापेक्षा किनाऱ्याची एक पट्टी देऊन समुद्राकडची काळजी मिटवावी असे सुलतानाला वाटले. राज्यकर्त्याच्या जागेवरून पाहिले तर तो निर्णय मूर्खपणाचा नव्हता. १५३७ मध्ये दीवसमोर पोर्तुगिजांच्या भेटीला गेला असताना झटापटीत तो मारला गेला.

अताहुआल्पा पकडला गेला तेव्हा इंका राज्यातले हुकूम थांबले, कारण ते सगळे त्याच्या तोंडून निघत. बहादूरशहा मेला तेव्हा गुजरातची सल्तनत गडबडली, पण संपली नाही. सरदारांना आपापले मुलूख होते, अहमदाबाद आणि खंबायतच्या सावकारांच्या पेढ्या चालूच राहिल्या, तोफखाना जागेवर होता. सल्तनत आणखी छत्तीस वर्षे टिकली आणि शेवटी ती अकबराने घेतली, पोर्तुगिजांनी नाही.

किनाऱ्यावर त्यांनी जे केले ते मात्र स्पेनच्या पद्धतीचेच होते. गावे पोर्तुगीज सरदारांना पट्ट्याने दिली. त्यांनी सारा वसूल करायचा आणि बदल्यात मुलखाच्या रक्षणासाठी घोडा आणि माणसे तयार ठेवायची. देवळे पाडली, धर्मांतरे घडवली, डहाणू, तारापूर, केळवे, माहीम, शिरगाव असे किल्ले आणि गढ्यांचे दाणे किनाऱ्यावर पेरले. आत घुसायचा त्यांचा सर्वांत ठळक प्रयत्न म्हणजे अशेरी. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरून जाताना मस्तान नाक्यापुढे तो उंच सुळका दिसतो. १५५६ च्या सुमारास त्यांनी तो घेतला. त्याखालच्या साग-शिसवाच्या जंगलाचे लाकूड जहाजांसाठी हवे होते. गडावर पोर्तुगालच्या राजचिन्हाची कोरीव शिळा आजही पडलेली आहे. पाठीमागे जव्हारच्या मुकणे राजांचा घाटाखालचा डोंगराळ मुलूख सुरू होतो, आणि तिथे ती शिळा कधी पोचली नाही.

दमण परगण्याच्या पूर्वेला रामनगरचे राज्य होते, म्हणजे आजचे धरमपूर. रामनगरची माणसे डोंगरातून उतरत, पोर्तुगिजांची गावे लुटत आणि तोफा पोचायच्या आत रानात नाहीशी होत. त्या रानात पोर्तुगीज घोडदळाचा उपयोग नव्हता, जहाजांचा तर नव्हताच, आणि पाठलागाला माणसे कुठून आणायची? शेवटी तडजोड ठरली: गावे लुटायची नाहीत, बदल्यात गावांच्या वसुलातला ठरलेला भाग दरसाल रामनगरच्या राजाला पोचता करायचा. ही चौथाई. कुस्को लुटणाऱ्यांचे शेजारी एका छोट्या डोंगरी राजाला खंडणी देऊन शांतता विकत घेत होते. १६७२ मध्ये शिवाजी महाराजांच्या फौजांनी जव्हार आणि रामनगर घेतले आणि मराठ्यांनी दमणच्या पोर्तुगिजांकडे ही चौथाई मागितली. युक्तिवाद साधा होता: रामनगरच्या राजाचे हक्क आता आमचे. पोर्तुगिजांनी पत्रव्यवहार लांबवला, पण असा हक्कच नाही असे त्यांना म्हणता येईना, कारण ते वर्षानुवर्षे तो देत आले होते. उत्तर कोकणाच्या इतिहासात मला ही गोष्ट सर्वांत बोलकी वाटते. ज्यांच्याकडे पोलाद, तोफा आणि जहाजे सगळे होते त्यांना रोगाची आणि स्थानिक फौजेची साथ मिळाली नाही, तेव्हा त्यांची ताकद किती उरते ते यात उघड दिसते.

१७३७ ते १७३९ या दोन वर्षांत स्थानिकांची साथ पूर्णपणे उलट बाजूला गेली. पोर्तुगीज अमलात पिचलेल्या वतनदारांनी, अंजूरच्या गंगाजी नाईक आणि त्यांच्या भावांनी, मालाडच्या अंताजी रघुनाथ कावळे यांनी, पुण्याशी संधान बांधले; ठाण्यात शिरायच्या वाटा, पहाऱ्याच्या वेळा, फौजेचे आकडे कळवले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३९ च्या हिवाळ्यात माहीम, केळवे, शिरगाव, तारापूर, डहाणू, अशेरी एकामागून एक पडले. तारापूरच्या हल्ल्यात बाजी भिवराव रेठरेकर मारले गेले. मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. त्लाश्कालाने कोर्तेससाठी जे केले तेच इथल्या लोकांनी पोर्तुगिजांविरुद्ध केले.

एवढ्यावर थांबलो तर उत्तर कोकण जिंकता न येणारा मुलूख होता असा समज होईल, आणि तो डहाणू-तलासरीच्या वारली, कोकणा, दुबळा, काथोडी लोकांवर अन्याय ठरेल. त्यांचा मुलूख जिंकला गेला, फक्त उशिरा आणि वेगळ्या मार्गाने. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि इंग्रजांचा अंमल आला. मोजणी झाली, सारा रोख पैशात भरायचा ठरला. १८७८ हे एकच वर्ष पाहा. त्या वर्षी भारतीय वन कायदा आला आणि मुंबई इलाख्याचा अबकारी कायदाही आला. पहिल्याने भाताच्या रोपासाठी राब भाजायला फांद्या तोडणे, दळी लावणे म्हणजे रानातला तुकडा कसणे, रानातून सरपण आणणे हे गुन्हे किंवा मेहेरबानी झाले. दुसऱ्याने घरची दारू आणि ताडी सरकारी ठेक्याच्या हाती गेली. रोख पैसा हवा, तो वारल्यांकडे नव्हता. तो सावकाराकडे होता. अंगठा उठला, कर्ज चढले आणि जमीन दुसऱ्याच्या नावावर गेली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत आपल्याच शेतावर वारली कूळ झाला होता. लग्नासाठी पाच-पन्नास रुपये घेतले की नवरा-बायको दोघे सावकाराकडे राबत, कित्येकदा जन्मभर. त्यांना लग्नगडी म्हणत. १९३९ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी डी. सिमिंग्टन यांनी दिलेल्या अहवालात ही अवस्था सरकारदरबारी नोंदली गेली. स्पेनने पेरूच्या खाणींत इंकांची सक्तीची पाळी चालवली, तिच्याशी ही वेठ ताडून पाहावी. घोडे आणि देवी यांच्यावाचूनही माणसाला आपल्याच भूमीवर गुलाम करता येते. त्याला मोजणीचा नकाशा, लिहिता न येणारा ऋणको आणि सावकाराच्या बाजूने उभी राहणारी कचेरी पुरते.

या जेत्यांविरुद्धही शेवटी संघटनाच उपयोगी पडली. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन झाले, तिथे काही वारली गेले होते. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावात सुमारे पाच हजार वारली जमले आणि वेठ करणार नाही असे त्यांनी ठरवले. किसान सभेचे कार्यकर्ते गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर त्यांच्याबरोबर होते. काही आठवड्यांत गावोगावचे लग्नगडी मोकळे झाले. ऑक्टोबरमध्ये गवत कापणीच्या मजुरीसाठी संप झाला, तेव्हा तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळ्या चालवल्या. जेठ्या गांगड आणि आणखी चार जण मेले. संप मोडला नाही. गोदावरीबाईंनी हे सारे ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिले, त्या पुस्तकाला १९७२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

कागदाने गेलेली जमीन मात्र घोषणेने परत येत नाही. १९४८ च्या कूळ कायद्याने काही जमीन कुळांच्या नावावर आली. रानातली दळी वनखात्याकडेच राहिली. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिच्यावरचा हक्क मान्य करण्याची तरतूद केली. अट अशी की १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचे सिद्ध करावे लागते. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्याकडे कागद नव्हता, त्यांनी पुरावा आणायचा कुठून? नियमांत त्यासाठी एक जागा ठेवली आहे: गावातल्या वृद्ध माणसाने सांगितलेली आणि लिहून घेतलेली जबानीही पुरावा म्हणून ग्राह्य धरली जाते. डहाणू-तलासरीच्या ग्रामसभांत म्हातारी माणसे उठून सांगतात की हा बांध कुणी घातला, या मोहाच्या झाडापर्यंत कुणाच्या आजाची दळी होती, आणि समोर बसलेला कुणीतरी ते लिहून घेतो.